रोज पुसलेली काळी गाडी : पावस येथील एका सेडानच्या रंगावरील जाळीदार ओरखड्यांचे प्रकरण

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पावसहून एक काळी सेडान माझ्या रत्नागिरीतील शेडमध्ये आली. गाडी 2016 सालची, एकाच मालकाच्या हातची आणि जेमतेम 42,000 किलोमीटर चाललेली होती. मालक निवृत्त मुख्याध्यापक असून गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, म्हणून मीही येथे तेच म्हणेन. त्यांची तक्रार अशी होती की गाडी सावलीत ठीक दिसते, परंतु उन्हात आली की बोनेटवर कोळ्याने जाळे विणल्यासारखे दिसते आणि काळा रंग करडा वाटू लागतो. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका ठिकाणी रबिंग-पॉलिश करून घेतले होते. तेव्हा महिनाभर गाडी आरशासारखी चमकली, पण पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात सगळी जाळी जशीच्या तशी वर आली आणि शिवाय तिच्यात उन्हात सरकणारे ढगासारखे पट्टे दिसू लागले.

असे काम घेताना मी मशीनला हात लावण्याआधी मालकाला एकच प्रश्न विचारतो : गाडी कशाने पुसता? गुरुजींनी अभिमानाने सांगितले, "रोज पुसतो. एक दिवस चुकवत नाही. सकाळी उठलो की आधी गाडी, मग चहा." पुसण्यासाठी धोतराचा जुना पंचा, कारण तो मऊ, आणि त्याआधी पिसांची झटकणी. पाणी आठवड्यातून एकदाच, कारण विहीर खाली उतारावर आहे आणि बादल्या वाहून आणाव्या लागतात. ही गाडी जिवापाड सांभाळलेली होती आणि तिच्यावरचा जवळजवळ प्रत्येक ओरखडा त्या सांभाळण्यातून आला होता. हे त्यांना तोंडावर सांगणे मला त्या क्षणी जमले नाही. ते दुसऱ्या दिवशी सांगितले, आणि त्यासाठी दिवा हातात घ्यावा लागला.

पावसच्या रस्त्याच्या दोन्ही कडा जांभ्याच्या आहेत, घराचा गडगा जांभ्याच्या चिऱ्यांचा आहे आणि गाडी उभी राहते ते अंगणही तांबड्या मातीचे आहे. जांभा म्हणजे मूळ खडकातील विरघळणारे घटक पावसाने लाखो वर्षे धुऊन नेल्यावर मागे उरलेला लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा साठा होय. त्यातील लोहाचे ऑक्साइड गाडीच्या रंगावरच्या पारदर्शक थराच्या मानाने बरेच कठीण असते. सोनार दागिन्याला अखेरची झळाळी देताना जी तांबडी भुकटी वापरतात, तीही लोहाच्या ऑक्साइडचीच असते. फरक इतकाच की सोनाराची भुकटी वस्त्रगाळ आणि एकसारख्या कणांची असते, तर अंगणातल्या धुळीत रव्याएवढा कण आणि पिठाएवढा कण एकत्र नांदत असतात. त्यात किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारे मीठ बसते. पहाटेच्या दवाने हे सगळे ओले होऊन पत्र्याला चिकटते आणि नेमक्या त्याच वेळी त्यावर पंचा फिरतो. पंचा मऊ असला तरी घासतो तो पंचा नव्हे, पंचाच्या पोटात अडकलेला कण.

या ओरखड्यांना धंद्यात स्वर्ल मार्क्स म्हणतात आणि ते गोल दिसतात म्हणून ते गोल पुसल्यामुळे होतात असा समज सर्वत्र आहे. तो अर्धाच खरा आहे. ओरखडे प्रत्यक्षात सर्व दिशांना असतात. सूर्यासारखा एका बिंदूतून येणारा प्रकाश पडला की त्यांपैकी प्रकाशाला आडवे असलेलेच ओरखडे डोळ्याकडे चमक परत पाठवतात, त्यामुळे चमकेभोवती वर्तुळे असल्याचा भास होतो. डोके हलवले की वर्तुळेही सोबत हलतात. ट्यूबलाइटखाली प्रकाश पसरट असतो, म्हणून तेथे काहीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेडमधले सगळे दिवे मालवून मी बोनेटवर एलईडीचा एक झोत धरला आणि गुरुजींना तो स्वतःच्या हाताने फिरवायला दिला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे हे मीच केले."

पहिला दिवस संपूर्णपणे धुण्यात गेला आणि तो जाणे आवश्यकच होते. आधी फेस मारून दहा मिनिटे तो निथळू दिला, मग दाबाच्या पाण्याने धुतले, मग दोन बादल्यांच्या पद्धतीने, म्हणजे एकीत साबणाचे पाणी आणि दुसरीत हातमोजा खळबळायला साधे पाणी ठेवून, मायक्रोफायबरच्या हातमोज्याने धुतले. ब्रेकमधून उडून रंगात रुतलेले लोखंडाचे कण काढणारे रसायन चाकांच्या मागच्या भागावर मारले, तेव्हा ते जांभळे होऊन ओघळले. डिकीच्या झाकणावर मात्र वेगळाच मळ होता. मागच्या मोहोराच्या हंगामात गाडी आंब्याखाली उभी राहत असे, आणि तुडतुडे मोहोरातला रस शोषून जो चिकटा खाली टाकतात, त्याचे बारीक थेंब पत्र्यावर सुकून वर काळी बुरशी धरलेली होती. ते थेंब क्ले बारने, म्हणजे रुतलेला मळ उचलणाऱ्या चिकणमातीसारख्या मऊ वडीने, निघाले, पण त्यासाठी एका डिकीवर पाऊण तास गेला.

गाडी कोरडी झाल्यावर रंगाची जाडी मोजली. कारखान्यातून येणाऱ्या गाडीवर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर म्हणजे क्लिअर कोट मिळून साधारणपणे 100 ते 140 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात आणि त्यांपैकी क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस क्लिअर कोटाहून जाड असतो. जाडी मोजणारे यंत्र पत्र्यापासून वरपर्यंतची एकूण जाडी सांगते, त्यात क्लिअर कोट किती हे सांगत नाही, आणि प्लास्टिकच्या बंपरवर ते काहीच सांगत नाही. या गाडीच्या छतावर 116 ते 124, मागच्या दोन्ही दारांवर 114 ते 120 आणि डिकीवर 112 ते 118 असे आकडे आले. बोनेटवर ते 94 ते 101 होते, तर डाव्या बाजूच्या पुढच्या दारावर 210 ते 260.

दारावरचा मोठा आकडा पाहून अननुभवी माणूस खूश होतो, कारण घासायला भरपूर जागा आहे असे त्याला वाटते. तो आकडा सांगतो तो एवढेच की दार कधीतरी ठोकून-पिटून पुन्हा रंगवले आहे. त्या 260 मध्ये खड्डे बुजवायला भरलेली लांबी (पुट्टी) किती आणि क्लिअर कोट किती, हे कोणालाच बाहेरून कळत नाही. गुरुजींना विचारल्यावर त्यांनी कबूल केले की गाडी पहिल्या वर्षीच गडग्याला घासली होती. मला अधिक काळजी बोनेटची होती. छत आणि बोनेट यांत वीसेक मायक्रॉनचा फरक होता. सगळा फरक मागच्या रबिंगचा असेलच असे नाही, कारण कारखान्यातही सगळे भाग समान जाडीचे निघत नाहीत. परंतु ढगाळ पट्टे बोनेटवरच सर्वाधिक होते, आणि असे पट्टे म्हणजे रोटरी मशीनवर, म्हणजे पॅड नुसते एका जागी गरगर फिरवणाऱ्या मशीनवर, जाड लोकरी पॅड लावून वेगाने घासल्याची आणि नंतर बारीक पॉलिशने ते काम पुरे न केल्याची खूण असते. ओरखडे पावसाळ्यात परत आले, कारण ते मुळात गेलेच नव्हते. कंपाउंडमधले, म्हणजे पॉलिशपेक्षा जास्त कापणाऱ्या लेपातले, तेल त्यांच्या खाचांत भरून बसले होते आणि पाण्याने ते धुऊन गेल्यावर खाचा उघड्या पडल्या.

ओरखडा काढणे असा शब्दप्रयोग आपण करतो, पण ओरखडा म्हणजे खाच, आणि खाच काढता येत नाही. तिच्या भोवतालचा पृष्ठभाग तिच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो. म्हणून प्रत्येक पॉलिश हा क्लिअर कोटच्या शिलकीतून केलेला खर्च आहे, आणि ही शिलक पुन्हा भरता येत नाही. थर पातळ झाला की त्यातील सूर्याची अतिनील किरणे शोषणारी द्रव्येही तितकीच कमी होतात, आणि कोकणच्या उन्हात काही वर्षांनी त्याची किंमत कोट सोलवटण्याच्या रूपाने द्यावी लागते. बोनेटवर या खेपेस दोन ते तीन मायक्रॉनपेक्षा जास्त खर्च करायचा नाही, असे मी वहीत लिहून त्याखाली रेघ मारली. गुरुजींना हा हिशेब लगेच पटला. पेन्शनीचा माणूस मुद्दलाला हात लावत नाही, असे ते म्हणाले.

चाचणीसाठी बोनेटवर टेपने साधारण दीड फूट चौरस आखला. मशीन ड्युअल ॲक्शनचे, म्हणजे पॅड स्वतःभोवती फिरत असतानाच 15 मिलिमीटरच्या घेऱ्यात डोलणारे. ते रोटरीपेक्षा हळू कापते, पण उष्णता कमी निर्माण करते आणि पट्टे उमटवत नाही. सर्वांत सौम्य जोडी आधी वापरायची हा या कामातला न मोडण्याचा नियम आहे, म्हणून पहिल्यांदा मऊ फोमचे पॅड आणि बारीक पॉलिश घेतले. ढगाळपणा गेला, रंग गहिरा झाला, परंतु झोत टाकल्यावर निम्म्याहून अधिक जाळी शिल्लक होती. शेजारच्या चौकोनात मध्यम कडकपणाचे पॅड आणि मध्यम पॉलिश घेतल्यावर अंदाजे पाचांपैकी चार ओरखडे गेले आणि पृष्ठभागही स्वच्छ राहिला. त्यापुढची पायरी, म्हणजे मायक्रोफायबरचे कापणारे पॅड आणि कंपाउंड, मी बोनेटवर मुद्दाम करून पाहिलीच नाही. ती डिकीवर पाहिली. तेथे सगळी जाळी गेली, मागे हलके धुके राहिले आणि ते बारीक पॉलिशने साफ झाले. दोन्ही ठिकाणी आधी-नंतर जाडी मोजली. पण यंत्राची स्वतःचीच चूक दोन मायक्रॉनची असते, त्यामुळे एका चौकोनावरून निघालेला आकडा अंदाजाहून अधिक काही नसतो.

यावरून काम असे ठरले की छत, डिकी आणि मागची दारे येथे कंपाउंड व त्यानंतर बारीक पॉलिश अशा दोन पायऱ्या करायच्या. बोनेट आणि पुढचे फेंडर मात्र एकाच मध्यम पायरीवर सोडायचे आणि पाचवा ओरखडा तसाच राहू द्यायचा.

मशीन चालवण्याविषयी लोकांना वाटते की जोर लावावा लागतो. माझ्या मशीनच्या पॅडमागच्या चकतीच्या कडेवर मी मार्करने एक काळी रेघ ओढलेली आहे. मशीन चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. हाताचा दाब वाढला किंवा पॅड वळणावर तिरपे बसले की रेघ थांबते, पॅड जागच्या जागी नुसते थरथरते आणि कापणे बंद होते. दोन-अडीच सेंटिमीटर दर सेकंदाला, इतक्या कूर्मगतीने, निम्मा भाग मागच्या ओळीवर चढवत, आधी आडवे आणि मग उभे असे चार ते सहा वेळा फिरवायचे. पॉलिशचे तीन-चार थेंब पुरतात. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडायचे, कारण घासून निघालेला क्लिअर कोट त्यातच साचतो आणि मग पॅड पॉलिशने नव्हे, त्या गाळाने घासू लागते. बोनेटच्या कडा आणि दारांवरच्या उठलेल्या रेषा यांवर रंग मुळात पातळ बसतो, म्हणून त्यांवर टेप लावली. आपल्या हवेची एक गोष्ट मात्र परगावच्या कारागिराला सांगावी लागते : दमटपणामुळे पॉलिश लवकर सुकत नाही, ही सोय आहे, पण कपाळाचा घाम टपकतो आणि तोही खाराच असतो, ही गैरसोय. मी डोक्याला पंचा बांधतो. पंच्याचा उपयोग तेवढाच.

तिसऱ्या दिवशी सकाळी छतावर माझ्याच हातून चूक झाली. छताच्या दोन्ही कडांना खाचेत रबरी पट्टी असते. धुताना मी ती ब्रशने घासली होती, पण उचलून पाहिली नव्हती. पॅडमधला गाळ काढण्यासाठी हवेचा पाइप छतालगतच धरला, आणि वाऱ्याने पट्टीखालची सुकलेली तांबडी माती बाहेर आली. पुढच्या चौकोनात मशीनचा आवाज बदलला. फार नाही, नेहमीच्या घरघरीत एक बारीक खरखर मिसळली. मी मशीन लगेच उचलले. पॅड उलटे करून पाहिले तर पिवळ्या फोममध्ये मोहरीच्या निम्म्याएवढा तांबडा ठिपका रुतला होता आणि छतावर शेंडीसारख्या वळणाचे सात-आठ नवे, खोल ओरखडे उमटले होते. पॅड बाजूला टाकले, पट्टी पूर्ण उचलून खाच पाण्याने धुतली, छत पुन्हा पुसले आणि त्या जागी कंपाउंडची पायरी आणखी दोनदा केली. ओरखडे गेले, पण तेथला आकडा 117 वरून 112 वर आला. गुरुजींना मी हे त्याच दिवशी सांगितले आणि वहीतील नोंद दाखवली. छताची शिलक चांगली होती म्हणून निभावले. हेच बोनेटवर घडले असते तर ते ओरखडे तसेच ठेवावे लागले असते.

डाव्या दाराने वेगळा अनुभव दिला. जी मध्यम जोडी बोनेटवर स्वच्छ उतरली, तिने या दारावर दुधी धुके उमटवले. बाहेर मारलेला क्लिअर कोट बहुधा कारखान्यातल्या भट्टीत भाजलेल्या कोटापेक्षा मऊ असतो आणि त्यावर पॅडच्या खुणा सहज उठतात. तेथे मऊ पॅड, बारीक पॉलिश आणि मशीनचा कमी वेग यांनीच काम झाले, आणि गंमत अशी की संपूर्ण गाडीत सर्वांत नितळ भाग शेवटी हाच दिसला.

पॉलिश झाल्यावर पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोल व पाण्याच्या मिश्रणाने पुसून तेलाचा अंश काढला, म्हणजे जे दिसते आहे ते खरे आहे की खाचांत बसलेले तेल आहे हे कळते. मागच्या वेळी हीच पायरी गाळली गेली असावी. हे पुसणे आणि त्यावर सीलंटचा, म्हणजे रंग राखणाऱ्या लेपाचा, थर देणे मी चौथ्या दिवशी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान उरकले. डिसेंबरात सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. दुपारच्या आत ते फिरतात आणि खारे वारे सुरू झाले की उघड्या शेडमध्ये तासाभरात काळ्या पत्र्यावर बोट फिरवले तरी मिठाची झाक जाणवते. गुरुजींच्या मुलाने फोनवर सिरॅमिक कोटिंगचा आग्रह धरला होता. मी नको म्हटले. तो थर फार तर एक-दोन मायक्रॉनचा असतो. पाणी आणि मळ त्यावर कमी टिकतात हे खरे, परंतु जांभ्याची धूळ कोरड्या फडक्याने घासली तर तोही ओरखडतो. जोवर पुसण्याची पद्धत बदललेली नाही, तोवर त्यावर पैसे घालण्यात मला अर्थ वाटला नाही.

दोन ओरखडे जाणूनबुजून ठेवले : बोनेटवर झावळी पडून झालेला आणि उजव्या मागच्या दारावर करवंदीच्या काट्याचा. दोन्हींत नख अडकत होते. नख अडकते तेथे खाच बहुधा इतकी खोल असते की तिच्या तळापर्यंत पृष्ठभाग आणणे म्हणजे क्लिअर कोट संपवणे. पॉलिशने त्यांच्या कडा बोथट झाल्या आणि ते चार पावलांवरून दिसेनासे झाले. बोनेटवर अखेरचे आकडे 92 ते 99 आले.

गाडी देताना मी अर्धा तास पॉलिशवर नव्हे, धुण्यावर बोललो. कोरडा फडका आणि झटकणी बंद. दव पडलेले असताना गाडीला हात लावायचा नाही. पाच लिटरच्या हातपंपाने आधी पाणी मारून माती उतरवायची, मग दोन बादल्या, मोजा सरळ रेषेत, वरून खाली; आणि वाळवताना मोठा मायक्रोफायबर टॉवेल अंगावर पसरून अलगद ओढायचा. पंप नवा घ्यायचा. बागेत फवारणीसाठी वापरलेला चालणार नाही, हे मी दोनदा सांगितले, कारण पावसमध्ये घरटी तसा एक पंप असतो. आच्छादन घालण्याचा पर्यायही गुरुजींनी विचारला, पण धुळीच्या गाडीवर घातलेले आच्छादन वाऱ्यात हलते आणि तेच काम पंचापेक्षा चिकाटीने करते. त्यांची खरी अडचण निराळी होती. "धूळभरली गाडी अंगणात उभी आणि आपण ओसरीवर चहा पीत बसलोय, हे बघवत नाही हो," असे ते म्हणाले. याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

मार्चमध्ये, शिमगा होऊन आठवडा झाल्यावर, मी पावसला दुसऱ्या कामासाठी गेलो तेव्हा गाडी पाहिली. छत, डिकी आणि दारे दिव्याखालीही स्वच्छ होती. बोनेटच्या डाव्या कोपऱ्यावर मात्र नव्या बारीक ओरखड्यांची एक कमान होती, माणूस पुढे उभा राहून हात फिरवील तेवढ्याच लांबीची. मी काही विचारण्याआधीच गुरुजी म्हणाले, "पालखी यायची होती घरी. दारात गाडी अशी कशी ठेवू? एकदाच पुसली." मी जाडी मोजली. 93 आली. मशीन माझ्या गाडीच्या डिकीत होते. ते मी बाहेर काढले नाही, आकडा वहीत लिहिला आणि आम्ही ओसरीवर चहाला बसलो.